१७ ऑक्टोबर, दोनदा

रेल्वेत चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला काही खोडी कायमच्या लागतात. कुठल्याही मोठ्या माणसाचं चरित्र हातात आलं की मी आधी एकच गोष्ट शोधतो. हा माणूस कधी रात्रपाळीला बसला होता का? बहुतेकांच्या बाबतीत उत्तर मिळत नाही. रशियाच्या झारचा अर्थमंत्री आणि पुढे पंतप्रधान झालेला सर्गेई युल्येविच वित्ते याच्या बाबतीत ते मिळालं, आणि निवृत्तीनंतरची माझी बरीचशी वर्षं त्याच्याच मागे गेली.

वित्ते तिकीट खिडकीवर बसला होता. मालधक्क्यावर पावत्या फाडल्या होत्या, असिस्टंट स्टेशन मास्तर म्हणून गाड्या घेतल्या-सोडल्या होत्या. १८७० साली ओडेसाच्या विद्यापीठातून तो गणित शिकून बाहेर पडला, तेव्हा त्याला प्राध्यापक व्हायचं होतं. घरच्यांना ते पसंत नव्हतं. त्याचा जन्म १८४९ चा, तिफ्लिसचा, म्हणजे आजच्या जॉर्जियातल्या त्बिलिसीचा. वडील कॉकेशसमधले सरकारी अधिकारी, आजोबा सारातोवचे माजी गव्हर्नर, आजी दोल्गोरुकी या जुन्या सरदार घराण्यातली. वडील वारले तेव्हा मोठेपण शिल्लक होतं, पैसा संपलेला होता. रेल्वेमंत्री काउंट बोब्रिन्स्की घरोब्यातले. त्यांनी सांगितलं की रेल्वेत ये, पण वरच्या खुर्चीत बसू नकोस, खालपासून एकेक काम शीक. हा सल्ला कुणी देतं, आणि तो कुणी मानतं, या दोन्हींचं मला अप्रूप आहे.

या घरातली एक व्यक्ती मराठी वाचकाला ओळखीची असेल. थिऑसॉफिकल सोसायटीच्या मादाम ब्लाव्हॅट्स्की या वित्तेच्या सख्ख्या मावसबहीण. फेब्रुवारी १८७९ मध्ये त्या मुंबईत उतरल्या, गिरगावात बिऱ्हाड केलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात तिथून ‘द थिऑसॉफिस्ट’ मासिक सुरू केलं. सोसायटीचं ठाणं अड्यारला हललं ते त्यानंतर तीनेक वर्षांनी. मावसभावाला तिच्या चमत्कारांचं फार कौतुक नव्हतं. तिच्या अंगच्या विलक्षण शक्तीबद्दल मात्र त्यानं आठवणींत आदरानं लिहिलं आहे.

मला वित्ते जवळचा वाटायला लागला तो एका अपघातामुळे. डिसेंबर १८७५, ओडेसाच्या रेल्वेवर तिलिगुल नावाचा उंच भराव. लाइनवरच्या माणसांनी दुरुस्तीसाठी रूळ काढला होता. हिमवादळ सुरू होतं. अंगात ऊब आणायला माणसं खोपटात गेली, आणि काढलेल्या रुळाच्या अलीकडे धोक्याची खूण लावायची राहिली. सैन्यात भरती झालेल्या कोवळ्या पोरांनी भरलेली गाडी आली, भरावावरून खाली गेली आणि पेटली. कितीतरी पोरं त्यात मेली. खटला भरला गेला तो रेल्वेचे प्रमुख चिखाचोव्ह आणि वाहतूक बघणारा वित्ते यांच्यावर. चार महिन्यांची कैद झाली.

हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. नोकरीच्या चौथ्या-पाचव्या वर्षी मी एका लहान स्टेशनावर ड्यूटीवर होतो. उन्हाळा, भर दुपार. मालगाडीला लाइन क्लिअर देऊन झालेली, होम सिग्नल दिलेला. पॉइंट्समन धावत आला. होमच्या आत गँगनं न कळवता रूळ मोकळा केला होता, मुकादमानं लाल बावटाही रोवला नव्हता. सिग्नलचा दांडा परत ओढताना हाताला जो घाम फुटला होता तो मला आजही जाणवतो. गाडी थांबली. इंजिनापासून उघड्या रुळापर्यंतचं अंतर मी नंतर पावलांनी मोजलं, ते दोनशेच्या आत भरलं. माझ्या पॉइंट्समनसारखा कुणी तिलिगुलला नव्हता, एवढाच काय तो फरक.

वित्तेला तुरुंगातून वाचवलं ते युद्धानं. १८७७ साली रशिया आणि तुर्कस्तान यांच्यात लढाई जुंपली आणि सगळं सैन्य त्याच्या लाइनवरून दक्षिणेकडे न्यायचं ठरलं. त्या काळी प्रत्येक इंजिनाचा आपला ठरलेला ड्रायव्हर असे, तो झोपला की इंजिनही शेडमध्ये उभं. भुसावळला माझे वडील फायरमन होते, तेव्हाही जुने ड्रायव्हर ‘माझं इंजिन’ म्हणूनच बोलत आणि परक्या हाताखाली गेलेलं इंजिन परत आलं की त्याला हात लावून बघत. वित्तेनं युद्धापुरती ती रीत मोडली. इंजिन थांबणार नाही, माणसं बदलतील. अमेरिकेत हे चालत असे, रशियात नवं होतं. सैन्य वेळेवर पोचलं. सेनापती असलेल्या ग्रँड ड्यूकनं रदबदली केली आणि चार महिन्यांच्या कैदेचे दोन आठवडे झाले.

पुढची वर्षं कीव्हची. नैर्ऋत्य रेल्वेवर तो १८८० मध्ये वाहतुकीचा प्रमुख झाला आणि १८८६ मध्ये व्यवस्थापक. मधे १८८३ मध्ये त्यानं रेल्वेच्या मालभाड्याच्या तत्त्वांवर एक पुस्तक लिहिलं. कुठल्या मालाला मैलामागे किती दर लावला की तो माल हलतो आणि किती लावला की जागीच कुजतो, याचा हिशेब त्याच्या डोक्यात इथेच पक्का झाला. पुढे सगळ्या साम्राज्याचा खजिना हातात आल्यावरही तो मालधक्क्यावरच्या बाबूसारखाच विचार करत राहिला, असं माझं मत आहे, आणि हे मी प्रशंसा म्हणून सांगतो.

आता बोर्की.

१८८८ च्या उन्हाळ्याअखेरीस झार तिसरा अलेक्झांडर याची खास गाडी वित्तेच्या लाइनवरून जायची होती. वरून आलेलं वेळापत्रक बघून तो हबकला. जड आणि लांबलचक गाडी, पुढे मालगाडीची दोन अवजड इंजिनं, आणि वेग मात्र मेल गाडीचा. रूळ हलके, खाली लाकडी स्लीपर, त्याखाली वाळू. तो स्वतः त्या गाडीत बसून गेला आणि सबंध रस्ता जीव मुठीत धरून बसला. परतीच्या वेळी त्यानं लेखी कळवलं की माझ्या लाइनवर या वेगानं ही गाडी चालणार नाही, तीन तास वाढवून द्या. रोव्नो स्टेशनात झार चिडून डब्याबाहेर आला. बाकीच्या रेल्वेवर मला कुणी अडवत नाही, इथेच काय अडचण आहे, असा त्याचा सूर होता. वर या रेल्वेच्या कंपनीवर त्यानं ज्यू असल्याचा टोमणाही मारला, कारण कंपनीचे धुरीण इव्हान ब्लिओख जन्मानं ज्यू होते. झार पुढे गेला आणि रेल्वेमंत्र्यानं वित्तेला फैलावर घेतलं. वित्तेनं उत्तर दिलं की इतरांनी काय हवं ते करावं, बादशहाचं डोकं माझ्या हातून फुटू देणार नाही. झार तेव्हा ऐकू जाईल एवढ्या अंतरावर होता.

मी हा प्रसंग कित्येकदा वाचला आहे. वेग कमी ठेवण्याची कॉशन ऑर्डर देणाऱ्यावर ड्रायव्हर चिडतो, गाडी लेट झाली म्हणून कंट्रोल चिडतं, साहेबाच्या खास गाडीला हळू चालवलं तर साहेबही चिडतो. पण साहेब म्हणजे झार, आणि अडवणारा एका खासगी कंपनीचा नोकर! या जागी आपण असतो तर काय केलं असतं, याचं उत्तर मला छातीठोकपणे देता येत नाही.

दोनेक महिन्यांनी, रशियातल्या जुन्या पंचांगाप्रमाणे १७ ऑक्टोबरला, क्रिमियाहून परतणारी तीच गाडी खारकोव्हजवळ बोर्की इथे रुळांवरून उतरली. राजघराणं भोजनाच्या डब्यात जेवत होतं. डबा चेपला, छत खाली आलं. धिप्पाड अलेक्झांडरनं ते खांद्यावर तोलून धरलं आणि बायका-मुलं बाहेर पडली, ही हकीकत पुढे रशियाभर देवाच्या कृपेची म्हणून सांगितली गेली. जागच्या जागी २१ माणसं मेली. तज्ज्ञ म्हणून वित्तेला बोलावणं आलं. ती लाइन चालवणारे म्हणाले वेग जास्त होता, दुसरी बाजू म्हणाली स्लीपर कुजके होते. वित्तेनं कौल दिला तो वेगाविरुद्ध, दोन जड इंजिनांच्या हेलकाव्याविरुद्ध. चौकशी आनातोली कोनी या नामांकित कायदेपंडिताकडे होती. शिक्षा अखेर कुणालाच झाली नाही. मात्र रोव्नोच्या फलाटावरचा तो उद्धट माणूस झारच्या लक्षात राहिला होता.

१८८९ मध्ये अर्थखात्यात रेल्वेसाठी नवा विभाग निघाला आणि झारनं वित्तेला त्याचा प्रमुख नेमलं. कीव्हमध्ये त्याला वर्षाला पन्नास हजार रुबलच्या वर मिळत, सरकारी पगार आठ हजार. झारनं आणखी आठ हजार स्वतःच्या खिशातून घातले, असं वित्तेनंच लिहून ठेवलं आहे. दरबारी दर्जाच्या पायऱ्या चढायला माणसाची हयात जायची. त्यातल्या कितीतरी त्याला एका उडीत मिळाल्या. फेब्रुवारी १८९२ मध्ये तो रेल्वेमंत्री झाला आणि त्याच ऑगस्टमध्ये अर्थमंत्री. त्याच्या आडनावातलं ‘वित्त’ मराठी कानाला आधी ऐकू येतं, हा निव्वळ योगायोग.

अर्थमंत्रिपदाच्या अकरा वर्षांत त्यानं जे केलं त्याचा गाभा सैबेरियाची रेल्वे. तिची पहिली माती व्लादिव्होस्तोकला मे १८९१ मध्ये युवराज निकोलसनं ढकलगाडीत भरली होती. तो तेव्हा पूर्वेच्या मोठ्या सफरीवरून परतत होता. त्या सफरीत डिसेंबर १८९० मध्ये त्यानं मुंबईही पाहिली होती आणि पुढे जपानात एका पोलिसानं त्याच्यावर तलवार चालवली होती. वित्ते मंत्री झाल्यावर त्यानं झारला सुचवलं की सैबेरियन रेल्वेच्या समितीचं अध्यक्षपद युवराजाला द्या. बापाला आश्चर्य वाटलं, त्याच्या मते पोरगा अजून अगदीच पोर होता. वित्ते म्हणाला, काम सोपवल्याशिवाय तो शिकणार कसा. या सूचनेमुळे प्रकल्पाला युवराजाचं कवच मिळालं. पुढे तोच पोरगा झार झाला आणि वित्तेला कायम कोड्यात टाकत राहिला.

सैबेरियाच्या लाइनबद्दल मी तासन् तास बोलू शकतो, म्हणून आवरतं घेतो. पाच फुटी गेज, म्हणजे आपल्या ब्रॉडगेजपेक्षा सहा इंचांनी अरुंद. एकेरी मार्ग, वजनाला हलके रूळ, पुष्कळ पूल सुरुवातीला लाकडी. काम लवकर व्हावं म्हणून केलेली ही काटकसर होती आणि तिची किंमत नंतर मोजावी लागली. मधे बैकल सरोवर आडवं. त्याच्या दक्षिण काठानं डोंगर फोडून लाइन न्यायला वेळ लागणार होता, म्हणून इंग्लंडात न्यूकॅसलला बर्फ फोडणारी एक प्रचंड फेरीबोट बांधून घेतली. ती सुट्या भागांत सैबेरियात आणली आणि सरोवराकाठी जोडली. तिच्या पोटात रूळ होते आणि रेल्वेचे चोवीस डबे उभे राहत. बोटीचं नावही ‘बैकल’च.

पैसा कुठून आला? परदेशी कर्जातून. त्यासाठी रुबल विश्वासाचा हवा, म्हणून १८९७ मध्ये त्यानं रुबल सोन्याला बांधला. दहा रुबलचं जुनं सोन्याचं नाणं आता पंधराचं झालं. म्हणजे रुबलची किंमत एक तृतीयांशानं उतरवून तिथेच खिळा ठोकला. दुसरा पैसा दारूतून आला. १८९५ पासून एकेका प्रांतात व्होडकाची विक्री सरकारनं स्वतःच्या हातात घेतली. गुत्ते जाऊन सीलबंद बाटल्यांची सरकारी दुकानं आली. वित्ते याला दारूबंदीकडे जाणारं पाऊल म्हणे. प्रत्यक्षात खजिन्याच्या उत्पन्नाचा सगळ्यात मोठा झरा तोच ठरला. आणि तिसरा पैसा शेतकऱ्यांचा. जकातीमुळे लोखंडी नांगर महाग, काडेपेटी, साखर, रॉकेल सगळ्यावर कर, आणि त्याच शेतकऱ्याचं धान्य परदेशी निघालेलं.

इथे मला या माणसाशी भांडावंसं वाटतं. गाडीचं वजन, इंजिनाचा जोर आणि रुळाची ताकद यांचा मेळ बसत नाही, हे ज्यानं झारच्या तोंडावर सांगितलं, त्यानंच एका दशकात रशियाच्या रेल्वेची लांबी सुमारे दुप्पट केली, कारखाने उभे केले, आणि हे सगळं ज्याच्या पाठीवर लादलं तो शेतकरी किती वाकतो आहे हे त्याला उशिरा दिसलं. १९०२ मध्ये त्यानं शेतीच्या दुरवस्थेवर एक मोठी परिषद बसवली, पण तोवर त्याची खुर्ची डळमळू लागली होती.

ती डळमळली पूर्वेकडच्या राजकारणानं. १८९६ मध्ये निकोलसच्या राज्याभिषेकाला चीनचा मुत्सद्दी ली होंगझांग मॉस्कोला आला, तेव्हा वित्तेनं त्याच्याकडून मांचुरियातून रेल्वे नेण्याची परवानगी मिळवली. व्लादिव्होस्तोकला जाण्याचा लांबचा वळसा त्यामुळे वाचला. त्याला व्यापार हवा होता. दरबारातल्या लोकांना बंदर हवं होतं. १८९८ मध्ये पोर्ट आर्थर घेतलं गेलं, वित्तेनं विरोध केला, कुणी ऐकलं नाही. ऑगस्ट १९०३ मध्ये झारनं त्याला बोलावलं, तासभर खेळीमेळीनं बोलला आणि शेवटी सांगितलं की अर्थखातं सोडा. मिळालं ते मंत्रिसमितीचं अध्यक्षपद, नावाचं. आमच्याकडे याला साइडिंगला घालणं म्हणतात.

पाच-सहा महिन्यांत जपाननं हल्ला केला. बैकलच्या काठाची लाइन अपुरीच होती आणि सरोवर गोठलेलं. मग रेल्वेमंत्री प्रिन्स खिल्कोव्ह यानं बर्फावर रूळ टाकले. हा खिल्कोव्ह तरुणपणी अमेरिकेत जाऊन रेल्वेत अगदी खालच्या कामापासून राबलेला, वित्तेच्या पसंतीचा माणूस. रुळांवरून घोड्यांनी डबे ओढले. एक इंजिन बर्फ फुटून तळाला गेलं. एकेरी लाइनवरून सैन्य पोचत होतं, पण जपानला रोखायला हवं त्यापेक्षा हळू.

हरल्यावर वित्तेची आठवण झाली. ऑगस्ट १९०५ मध्ये अमेरिकेतल्या पोर्ट्समथला तो जपानच्या कोमुरा जुतारोसमोर बसला. थिओडोर रूझवेल्ट मध्यस्थ. खंडणी एक कोपेकही नाही, हे एकच वाक्य त्यानं तीन आठवडे वेगवेगळ्या तऱ्हेनं सांगितलं, आणि ते टिकवलं. साखालिन बेटाचा दक्षिण अर्धा भाग मात्र गेला. परतल्यावर झारनं त्याला काउंट केलं आणि शत्रूंनी ‘अर्ध्या साखालिनचा काउंट’. अमेरिकेतल्या मुक्कामात एकदा तो गाडीतून उतरला, फलाटावरून चालत पुढे इंजिनापर्यंत गेला आणि ड्रायव्हरशी हस्तांदोलन करून त्याचे आभार मानले. झारचा वकील काळ्या हातांच्या माणसाशी हात मिळवतो, म्हणून अमेरिकी वर्तमानपत्रांनी त्याला डोक्यावर घेतलं. लोकांना ती मुत्सद्देगिरी वाटली. वित्तेनंही तिथल्या लोकमताचा विचार केला होता, हे तो लपवत नाही. तरी गाडीतून उतरल्यावर इंजिनाकडे जाणं ही आमच्या लोकांची सवय असते. वडील शेवटपर्यंत तसं करत.

तो घरी पोचला तेव्हा रशिया पेटला होता. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मॉस्को-कझान रेल्वेवर संप झाला आणि दोन-चार दिवसांत देशभरची चाकं थांबली. सहा वर्षांपूर्वी, १८९९ मध्ये, आमच्या जीआयपी रेल्वेच्या सिग्नलर मंडळींनी संप केला होता आणि टिळकांनी ‘केसरी’तून त्यांची बाजू घेतली होती. ती मंडळी हरली, कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या. रशियात उलट झालं. सरकारच हलू शकेना. झार पेटरहोफच्या राजवाड्यात, वित्ते पीटर्सबर्गला, मधे एवढंसं अंतर, पण गाडी नाही. ज्यानं साम्राज्यभर रूळ अंथरले तो बादशहाकडे जायला आगबोटीत बसला.

त्यानं झारपुढे दोन वाटा ठेवल्या. एक तर हुकूमशहा नेमा आणि बंदुकीनं दडपा, नाही तर लोकांना हक्क द्या, निवडलेली सभा द्या. झारनं दुसरी वाट नाइलाजानं धरली. या हक्कांच्या जाहीरनाम्यावर सही झाली ती १७ ऑक्टोबरला. बोर्कीला त्या दिवशी बरोबर सतरा वर्षं झाली होती. राजघराणं हा दिवस सुटकेचा म्हणून प्रार्थनेत घालवत असे. निकोलसनं रोजनिशीत त्या दिवशी आधी अपघाताच्या स्मृतिदिनाची नोंद केली आहे आणि मग सहीची. फुटक्या डब्यातून बाहेर पडलेल्यांत तोही होता, वीस वर्षांचा.

वित्ते पंतप्रधान झाला आणि सहा महिने टिकला. उदारमतवादी त्याच्या मंत्रिमंडळात यायला तयार नव्हते, दरबार त्याला द्रोही म्हणत होता, आणि त्याच्याच कारकिर्दीत सैन्याच्या तुकड्या रेल्वेनं गावोगाव जाऊन माणसं गोळ्या घालून मारत होत्या. तो डाग त्याच्यावर आहे. आठवणींत तो दोष इतरांवर टाकतो, ते मला पटत नाही. एप्रिल १९०६ मध्ये त्यानं मुख्यतः फ्रान्सकडून सव्वादोन अब्ज फ्रँकचं कर्ज मिळवलं. खजिना सावरला, आणि झारनं त्याचा राजीनामा घेतला.

जानेवारी १९०७ मध्ये त्याच्या घराच्या धुराड्यात घड्याळ लावलेले बॉम्ब सोडलेले सापडले. भट्टी पेटवणाऱ्या नोकराला ते दिसले म्हणून घर वाचलं. काम कडव्या उजव्यांचं होतं. त्यानंतर त्यानं आठवणी लिहिल्या आणि त्यांची हस्तलिखितं परदेशात ठेवली, कारण आपण मेल्यावर घराची झडती होणार हे त्याला ठाऊक होतं. तो २८ फेब्रुवारी १९१५ ला गेला आणि झडती झाली. कागद हाती लागले नाहीत. ते छापून आले तेव्हा झारही नव्हता आणि त्याचं राज्यही.

अलेक्झांडर नेव्हस्की मठाच्या आवारात त्याचं थडगं आहे. त्यावरच्या दगडात १७ ऑक्टोबर १९०५ ही तारीख कोरलेली आहे. माझ्याकडे त्या दगडाचा एक फोटो आहे, जुन्या वर्किंग टाइमटेबलात जपून ठेवलेला. दर वर्षी ऑक्टोबर आला की तो काढून बघतो. वर्ष वाचण्याआधी माझी नजर १७ वर थांबते आणि डोळ्यांसमोर रोव्नोचा फलाट येतो.